लॉरा २.० टीडीआय : रिमॅप, क्लच आणि टिकाऊपणा (प्रकल्प नोंदी)

गाडी : स्कोडा लॉरा, २.० टीडीआय कॉमन रेल, १४० पीएस (पॉवर), ३२० एनएम (टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर), सहा गिअरची मॅन्युअल. २०१२ची, शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली. मूळ क्लच, मूळ ड्युअल मास फ्लायव्हील (पुढे डीएमएफ; इंजिनचे धक्के आतल्या स्प्रिंगांनी शोषणारे दोन भागांचे चाक).
काम : पहिल्या पायरीचा रिमॅप (इंजिनच्या संगणकातली फाइल, म्हणजे मॅप, बदलून टॉर्क वाढवणे), हार्डवेअर मूळचेच. इंजिन, टर्बो आणि क्लचवर काय परिणाम होतो ते मोजायचे.

९ नोव्हेंबर २०२४ (१,१८,४०० किमी)

मॅपला हात लावण्याआधी गाडी निरोगी आहे की नाही हे बघणे. रिमॅपनंतर बिघडल्या म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्या आधीपासूनच आजारी असतात. स्टॉकवर (कंपनीच्या मूळ फाइलवर) ३२० एनएममध्ये जी गळती झाकून जाते, ती ३८० मागितल्यावर उघडी पडते.

स्मोक मशीनने इनटेक तपासला. इंटरकूलरकडे जाणाऱ्या पाइपच्या क्लिपवाल्या सांध्यातून धूर आला. तिथली रबरी सील चपटी झालेली, सांध्याखाली तेलाचा ओलसर डाग. लॉग बघितला तर बूस्टची (टर्बोने भरलेल्या हवेच्या दाबाची) मागणी आणि प्रत्यक्ष बूस्ट यांत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरला सुमारे १२० मिलिबारचा फरक. ईसीयू (इंजिनचा संगणक) टर्बोच्या व्हेन (आतली हलती पाती) अधिक बंद करून तो भरून काढत होता. म्हणजे टर्बो गरजेपेक्षा जास्त वेगाने फिरत होता आणि फॉल्ट कोड एकही नव्हता. सील बदलली, फरक ३० मिलिबारवर आला.

पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे हवेचा दाब साधारण ०.९५ बार. मॅपमध्ये २.५ बार निरपेक्ष दाब मागितला तर मुंबईत टर्बोला हवा अडीच पटीहून किंचित कमी दाबावी लागते, पुण्यात २.६३ पट. मुंबईत बसवलेली फाइल महाबळेश्वरच्या चढाला टर्बोला जास्त पळवते ती यामुळे. उंचीनुसार बूस्ट कमी करणारा तक्ता स्टॉक फाइलमध्ये असतो. मॅपवाल्याने तो सपाट तर केलेला नाही ना, हे आधी विचारायचे.

इंजिन ऑइल ५डब्ल्यू-३०, ५०७.०० मानकाचे, ४.३ लिटर. फिल्टरसकट बदलले.

१० नोव्हेंबर

स्टॉक फाइलवर डायनो (रोलरवर गाडी चालवून ताकद मोजायचे यंत्र) आणि लॉग. पुढच्या सगळ्या नोंदी याच आकड्यांशी ताडून बघायच्या आहेत.

- इंजिनपाशी अंदाजे १३८ पीएस, ३१६ एनएम.
- चौथ्या गिअरात ६० ते १०० : ६.७ सेकंद.
- एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधले तापमान (टर्बोच्या आधी प्रोब) : भाराखाली जास्तीत जास्त ७०५ अंश.
- सहाव्या गिअरात आरपीएम भागिले वेग : १९.१.

शेवटचा आकडा क्लचसाठी. क्लच पकडलेला असेल तर एका गिअरात आरपीएम आणि वेग यांचे गुणोत्तर बदलूच शकत नाही. सुई बघून किंवा वासावरून घसरण कळते तेव्हा उशीर झालेला असतो, गुणोत्तरात ती पहिल्या दिवशी दिसते. ओबीडीवरून (गाडीच्या निदान सॉकेटवरून) आरपीएम आणि वेग घेणारे कुठलेही साधे अ‍ॅप चालते. मात्र नोंद सेकंदाला किमान चार-पाच वेळा व्हायला हवी, नाहीतर दोन सेकंदांची घसरण दोन नोंदींच्या मध्येच हरवते.

सहावाच गिअर का? खालच्या गिअरात इंजिन १८०० ते २३००च्या पट्ट्यातून क्षणात निघून जाते, बूस्ट पुरता चढतही नाही. सहाव्यात इंजिन त्या पट्ट्यात सहा-सात सेकंद अडकते आणि पूर्ण टॉर्क क्लचवर बसतो. चाचणी डायनोवर, रोलरला ब्रेक लावून. रस्त्यावर करायची ही गोष्ट नव्हे.

१६ नोव्हेंबर

ईसीयू वाचला. बॉशचा ईडीसी१७. वाचताना आणि लिहिताना बॅटरीला स्थिर १३.५ व्होल्टचा सप्लाय जोडलेला, एसीचा पंखा आणि दिवे बंद. साधा चार्जर चालत नाही, त्याचा व्होल्टेज वरखाली होतो. लिहिताना मध्येच व्होल्टेज पडला की ईसीयू मरतो, मग तो काढून टेबलावर बूट मोडमध्ये जिवंत करावा लागतो.

मूळ फाइलच्या दोन प्रती ठेवल्या, सॉफ्टवेअर आवृत्तीचा क्रमांक जॉबकार्डवर लिहिला. याला कारण आहे. ईए१८९ कुळातल्या इंजिनांसाठी (हेही त्यातलेच) डिसेंबर २०१५मध्ये भारतात सुमारे ३.२३ लाख गाड्यांचे सॉफ्टवेअर रिकॉल जाहीर झाले, त्यात लॉराही होती. म्हणजे एकाच वर्षाच्या दोन लॉरांमध्ये वेगळे सॉफ्टवेअर असू शकते. ‘लॉराची फाइल आहे माझ्याकडे’ म्हणत पेन ड्राइव्हमधून टाकणाऱ्याला गाडी देऊ नये. फाइल त्याच गाडीतून वाचलेली आणि त्याच आवृत्तीवर केलेली हवी.

१७ नोव्हेंबर : मॅप-अ

बाहेरून करून आणलेली तयार फाइल. स्टॉकशी ताडून पाहिली. बदल असे :

पायाची मागणी वाढवली. अर्ध्या अ‍ॅक्सिलरेटरला आधी जेवढा टॉर्क मिळायचा, तेवढा आता एक तृतीयांशालाच मिळतो. मालकाला ‘गाडी उडते’ असे वाटते त्यातला निम्मा भाग इथला, इंजिनाचा त्याच्याशी संबंध नाही.

बूस्ट २.३५वरून २.५५ बार. रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) १८०० बारवरच ठेवले, हे बरे केले. धुराची मर्यादा मात्र सैल केली : लॅम्डा (इंधनाच्या मानाने हवा किती याचा आकडा) १.२८च्या आसपास होता, तो १.१२पर्यंत खाली जाऊ दिला. डिझेलमध्ये हवा कमी आणि इंधन जास्त झाले की काजळी आणि उष्णता दोन्ही वाढतात.

सगळ्यात खटकलेली गोष्ट म्हणजे टॉर्कच्या मर्यादेचा तक्ता जवळपास स्टॉकच. मग टॉर्क वाढला कसा? इंजेक्टर किती वेळ उघडायचा त्या तक्त्यात वाढ केली आहे. ईसीयू समजतो की तो ३३० एनएम देतोय, प्रत्यक्षात देतो ३९०. फाइल करणाऱ्याला हे सोपे पडते, कारण पाच-सहा मर्यादा एकमेकींशी जुळवत बसावे लागत नाही. पण ईएसपी (गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा), ट्रॅक्शन कंट्रोल, एसीची जुळवणी हे सगळे ईसीयूच्या टॉर्कच्या हिशोबावर चालते. हिशोबच खोटा असेल तर ओल्या रस्त्यावर ईएसपी ५० एनएम कमी करायला जाते आणि तरी जादा टॉर्क उरतोच.

डायनो : १७४ पीएस, १८०० आरपीएमला ३९२ एनएम. ६० ते १०० : ५.३ सेकंद. मॅनिफोल्ड ८१५ अंश.

१८ नोव्हेंबर (१,१८,९०० किमी)

सहाव्या गिअरातला लॉग, मॅप-अ :

९५ किमी/तास : हवे १८१५, दिसले १८२२
१०० : हवे १९१०, दिसले २०४०
१०४ : हवे १९८६, दिसले २१९०
११० : हवे २१०१, दिसले २१६०
११५ : हवे २१९७, दिसले २१९७. पुन्हा पकडला.

क्लच घसरतोय. तीन सेकंद घसरतो आणि पकडतो. गाडीत बसलेल्याला काही कळले नाही, वास नाही, धक्का नाही. उलट ‘पिकअप मस्त आहे’ असाच शेरा मिळाला, कारण इंजिनचा आवाज चटकन चढतो.

१०४ किमीपाशी घसरण २०४ आरपीएमची, म्हणजे सेकंदाला सुमारे २१.४ रेडियन. क्लच त्या वेळी ३४५ एनएम ओढतोय असे धरले तर उष्णता साडेसात किलोवॅट. बाथरूममधले जवळजवळ चार गिझर एका बंद डब्यात लावल्यासारखे. तीन सेकंदांची सरासरी घसरण १३० आरपीएम धरली तर १४ किलोज्यूल. पहिल्या गिअरात गाडी उचलताना, १२ किमी वेगाला क्लच पूर्ण पकडेपर्यंत, साधारण ८ किलोज्यूल जातात. म्हणजे एक घसरण पावणेदोन उचलींच्या बरोबरीची. एकटी घसरण क्लच मारत नाही. पण उचलताना आपला पाय क्लचवर असतो, आपल्याला ठाऊक असते. सहाव्यातली घसरण प्रत्येक ओव्हरटेकला, चढाला, कुणाला न कळता होत राहते, आणि तापलेले अस्तर (क्लच प्लेटवरचा घासणारा थर) पुढच्या वेळी आणखी लवकर घसरते.

मॅप-अ काढला, स्टॉक टाकली.

१९ नोव्हेंबर : क्लचची ताकद किती?

दोन बाजू × घर्षणांक × प्रेशर प्लेटचा दाब × सरासरी त्रिज्या. प्लेट २४० मिमीची. आतला व्यास १५५ धरला तर सरासरी त्रिज्या ०.०९९ मीटर. दाब ७००० न्यूटन धरला :

नव्या, बसलेल्या अस्तराचा घर्षणांक ०.३० : ४१६ एनएम
वापरातला, गार, ०.२८ : ३८८
तापलेला किंवा थोडी चकाकी आलेला, ०.२५ : ३४६
जळून काचेसारखा झालेला, ०.२२ : ३०५

आकडे अंदाजी आहेत, पण उतरण कशी आहे ते दिसते. या सूत्रात पीएस कुठेच नाही. क्लचला पॉवर कळत नाही, त्याला फक्त टॉर्क कळतो. म्हणून ‘३५ पीएस वाढवले, क्लचला चालेल का?’ हा प्रश्नच चुकतो. कुठल्या आरपीएमला किती एनएम, ते विचारायचे.

गिअरबॉक्सच्या एमक्यू३५० नावातला ३५० हा आकडा टॉर्कचाच आहे.

आणि खालच्या आरपीएमचा टॉर्क डीएमएफला सर्वांत महाग पडतो. चार सिलिंडरच्या डिझेलमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेऱ्यात दोन धक्के. १२०० आरपीएमला त्या धक्क्यांमधले अंतर मोठे आणि प्रत्येक धक्का जड. डीएमएफच्या आतल्या वाकड्या स्प्रिंगा तेव्हा शेवटच्या टोकापर्यंत दबतात आणि टोकाला ठोकतात. सहाव्या गिअरात ५५च्या वेगाने गाडी रेटत नेण्याची सवय स्टॉकवर डीएमएफ हळूहळू खाते, मॅप-अवर झपाट्याने खाईल. कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवरचा जोरही तिथेच सर्वाधिक.

३० नोव्हेंबर : मॅप-ब

स्टॉक फाइलपासून नव्याने केला. टॉर्कचा हिशोब खरा ठेवला, मर्यादेच्या तक्त्यातच आकडे लिहिले :

- १५०० आरपीएमपर्यंत स्टॉक. हात लावायचा नाही.
- २००० आरपीएमपर्यंत ३४० एनएम.
- २००० ते ३३०० सपाट ३५०.
- ३९०० ला ३०५, तिथून वर स्टॉकच्या उताराने खाली.
- लॅम्डा १.२२च्या खाली नाही. बूस्ट २.४५ बार. रेल प्रेशर स्टॉक. उंचीचा तक्ता स्टॉक.
- अ‍ॅक्सिलरेटरचा पहिला ४० टक्के भाग स्टॉकसारखा, म्हणजे ट्रॅफिकमध्ये गाडी उचलताना क्लचवर जादा काहीच नाही.

डायनो : १६९ पीएस, ३४९ एनएम. ६० ते १०० : ५.९ सेकंद. मॅनिफोल्ड ७६० अंश.

मॅप-अ पेक्षा पाच पीएस कमी आणि ०.६ सेकंद मागे. पाठीत बसणारा दणका गेला, हे खरे. पण तो दणका म्हणजेच १८०० आरपीएमचे ते ३९२ एनएम होते.

धुराची चाचणीही केली. मुक्त प्रवेगात के-गुणांक (धूर किती काळा याचा आकडा) स्टॉकला ०.६, मॅप-अला १.१, मॅप-बला ०.७. बीएस-४ डिझेलची मर्यादा १.६२, म्हणजे तिन्ही पीयूसी पास. या चाचणीत गाडी उभी असते, इंजिनावर भार नसतो. मॅप-अचा काळा लोट चढावर, चौथ्या गिअरात निघतो, पीयूसीच्या टपरीवर नाही. पीयूसी पास म्हणून मॅप स्वच्छ, असे समजू नये.

१४ डिसेंबर (१,२०,१०० किमी)

डायनोवर मॅप-बला गुणोत्तर १९.१ स्थिर. आज चार माणसे, सामान, एसी चालू ठेवून खंबाटकी, साताऱ्याकडे जातानाचा चढ. ट्रकांमागे अडकत, दोनदा थांबून उचलत. चौथ्या गिअरात गुणोत्तर २९.४ हवे. वरच्या वळणांवर २९.८, ३०.१ दिसले. थोडे, पण आहे.

३५० एनएमला हा क्लच गार असताना पकडतो, तापला की सोडतो. मॅप-अच्या दिवसांत अस्तराला चकाकी आलेली दिसते. मॅप-ब पहिल्यापासून असता तर हा क्लच किती पुढे गेला असता, हे आता सांगता येणार नाही. खोलायचे ठरले.

४ जानेवारी २०२५ (१,२०,८०० किमी)

गिअरबॉक्स उतरवला. बॅटरी, तिचा ट्रे, एअरबॉक्स, स्टार्टर, दोन्ही ड्राइव्हशाफ्ट, सबफ्रेमचा माउंट. इंजिन वरून सपोर्ट बारवर टांगलेले.

प्लेट : अस्तर रिव्हेटच्या वर अजून १.१ मिमी. जाडीच्या हिशोबाने क्लच संपलेला नव्हताच. पण पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत, बोट फिरवले तर घसरते, कडेला बारीक तडे. ‘अस्तर शिल्लक आहे, क्लच चांगला आहे’ हा निष्कर्ष इथे फसला असता.

डीएमएफ : घासणाऱ्या पृष्ठभागावर बाहेरच्या अंगाला निळे डाग, तीन ठिकाणी केसासारख्या चिरा. बाजूच्या फटीतून काळे ग्रीस बाहेर आलेले. फिरवून सैलपणा मोजला, उत्पादकाच्या मर्यादेच्या काठावर. ही मर्यादा भागाच्या क्रमांकानुसार बदलते, दुसऱ्या गाडीचा आकडा लावायचा नाही. निळा डाग पॉलिश पेपरने घासून डीएमएफ परत बसवणारे आहेत. ग्रीस बाहेर आले म्हणजे आतल्या स्प्रिंगा कोरड्या चालतात, पेपर घासून ते परत आत जात नाही.

क्रँकची मागची ऑइल सील कोरडी. ओली असती तर आत्ताच बदलली असती, पुन्हा बॉक्स उतरवण्यापेक्षा परवडते.

५ जानेवारी : काय बसवायचे

सिंगल मास फ्लायव्हीलचा संच स्वस्त पडतो, डीएमएफ पुन्हा जाण्याची भीती नाही. पण मग इंजिनचे धक्के सरळ गिअरबॉक्समध्ये. न्यूट्रलला गिअरांचा खडखडाट, कमी आरपीएमला गुणगुण. रोज वापरायच्या डिझेलला आमचे मत नाही.

जास्त दाबाची प्रेशर प्लेट : टॉर्क पेलेल, पण पेडल जड होते, रिलीज बेअरिंगवर आणि क्रँकच्या थ्रस्ट बेअरिंगवर भार वाढतो. पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये डावा गुडघा लगेच तक्रार करेल. ४०० एनएम हवेच असतील तर हा मार्ग. आपल्याला ३५० हवेत.

ठरले : मूळ मापाचा क्लच संच, नवा डीएमएफ, नवा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणारा). या बॉक्समध्ये स्लेव्ह आणि रिलीज बेअरिंग एकच तुकडा, आतच. जुना ठेवून बाकी नवे बसवले आणि तो सहा महिन्यांनी गळला, तर सगळे काम पुन्हा.

६ जानेवारी : जोडणी

डीएमएफचे बोल्ट नवे, ते एकदाच वापरायचे. ६० एनएम आणि वर ९० अंश. बसवण्याआधी पृष्ठभागावरचे गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने पुसले. हे राहिले तर पहिल्या दिवसापासून क्लच थरथरतो.

प्रेशर प्लेट स्वतः जुळवून घेणारी आहे. ती बोल्ट आवळून जबरदस्तीने खाली ओढायची नाही, आधी टूलने दाबून धरायची आणि मग बोल्ट लावायचे, समोरासमोरचे, थोडे थोडे. टूलशिवाय ओढली तर आतली जुळवणीची रिंग चुकीच्या जागी सरकते. मग नव्या संचाचा क्लच पहिल्याच दिवशी पुरता सुटत नाही आणि दोष रिमॅपवर येतो.

इनपुट शाफ्टच्या दातांना ग्रीसचा पातळ थर, जादा पुसून काढले. ग्रीस उडून अस्तरावर गेले की संपले. बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सचा इंजिनला जोडला जाणारा भाग) दोन्ही डॉवेल (जागा धरणाऱ्या खुंट्या) जागेवर आहेत का बघितले. एक जरी राहिली तरी बॉक्स केसभर तिरका बसतो. बेल हाउसिंगचे एम१२ बोल्ट ८० एनएम, एम१० चे ४०.

क्लचचे हायड्रॉलिक ब्रेकच्याच टाकीवर चालते, डॉट ४. हवा काढली, पेडल वरून खाली सारखे लागते.

२ फेब्रुवारी (१,२१,७०० किमी)

नव्या अस्तराला बसायला वेळ दिला : ९०० किमी स्टॉक फाइलवर, बहुतेक शहरात, पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर नाही. नव्या प्लेटचा संपर्क आधी पूर्ण पृष्ठभागावर नसतो, उंच भागांवरच असतो. त्यावर पहिल्याच दिवशी ३५० एनएम टाकले तर तेच भाग चकाकतात.

आज मॅप-ब परत टाकला. डायनोवर सहाव्यात १९.१ स्थिर.

१५ फेब्रुवारी

कागद. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते. वॉरंटीतली गाडी असेल तर इंजिन-गिअरबॉक्सचा दावा अडणार हे धरूनच चालावे, स्टॉक फाइल परत टाकली तरी लिहिल्याचा मागमूस ईसीयूत राहू शकतो. विमा कंपनीला न कळवता अपघाताचा दावा करणे हा वेगळा जुगार. मालकाला हे लेखी दिले, सही घेतली.

डॅशवर चिकटवायची चिठ्ठीही दिली : १५०० आरपीएमच्या खाली पूर्ण दाबू नये, गिअर खाली घ्यावा. चढावर गाडी क्लचवर तोलून धरू नये, हँडब्रेक आहे. घाट चढून आल्यावर इंजिन मिनिटभर आयडलला, मग बंद. ऑइल १५,००० ऐवजी ८,००० किमीला.

२९ जून (१,२९,६०० किमी)

- सहाव्यात १९.१. खंबाटकी, चार माणसे, एसी, चौथ्यात २९.४ स्थिर.
- बूस्टची मागणी आणि प्रत्यक्ष यांत फरक ३५ मिलिबार.
- इंजिन बंद करताना डीएमएफचा खडखडाट नाही.
- ८,००० किमीच्या ऑइल बदलात वरून काही घालावे लागले नाही. काढलेले तेल काळे, पण डिझेलमध्ये ते पहिल्या हजार किमीतच होते, त्यावरून काही ठरवायचे नाही.
- इंटरकूलरच्या पाइपची ती सील पुन्हा ओलसर. या वेळी क्लिप ढिली होती. क्लिप बदलली.

मालकाची विचारणा : मॅप-अ परत टाकता येईल का? या क्लचवर नाही.